बेसमेंटमधलं स्कारबरो

प्रिय नातवंडांनो,

तुम्हा दोघांना एकत्रच लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं की कोणाला काय सांगितलं याचा माझा गोंधळ होतो.

मागच्या आठवड्यात थोरलीचा लीड्सहून फोन आला. रविवारी ती मैत्रिणींबरोबर स्कारबरो नावाच्या गावी समुद्रावर गेली होती. म्हणाली, "आजी, इट वॉज सो वीअर्ड. स्टेशनबाहेर पडले आणि मला माहीत होतं की रस्ता उताराने खाली समुद्राकडे जाणार आणि डाव्या हाताला टेकडीवर किल्ला असणार. मी इथे आधी कधी आले होते का? फक्त ती लिफ्ट चुकीच्या जागी होती."

तू तिथे कधी गेलेली नाहीस. पण त्या गावात, बहुधा बंदराच्या आसपास, तू मांडी घालून बसलेली आहेस. लिफ्ट चुकीच्या जागी का होती, हेही मला ठाऊक आहे. धाकट्याचा तेव्हा जन्म व्हायचा होता, त्यामुळे त्याला यातलं काहीच माहीत नाही. तुमचे आजोबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं, आणि बराच वेळ सांगितलं असतं. ते नाहीत आणि माझी स्मरणशक्ती अजून कामाची आहे, म्हणून आता लिहिते.

आजोबा तरुणपणी त्यांच्या कंपनीतर्फे लीड्सला एका कारखान्यात शिकायला गेले होते. उन्हाळ्यात कारखाना बंद ठेवायचे आणि कामगार मुलाबाळांसह समुद्रावर जायचे. आजोबा ज्या बाईंकडे भाड्याने राहत होते त्यांनी यांनाही बरोबर नेलं. स्कारबरोचा आणि आजोबांचा संबंध एवढाच, एका आठवड्याचा. नाशिकमध्ये त्यांनी सगळं आयुष्य काढलं, पण नाशिकबद्दल कोणी विचारलं तर ते "बरं आहे" म्हणत. स्कारबरोबद्दल मात्र कोणी विचारायची गरज नसे.

आमचं लग्न झाल्यापासून मी ते गाव ऐकत आले. तिथल्या कड्याखाली एका बाईला औषधी पाण्याचा झरा सापडला. त्याच्याभोवतीचे दगड लालसर झाले होते, म्हणजे पाण्यात लोखंड असणार. डॉक्टरांनी तो झरा चांगला म्हटल्यावर श्रीमंत आजारी माणसं तिथे येऊ लागली. पुढे डॉक्टर म्हणाले की समुद्राचं पाणीही चांगलं, त्यात बुडायलाही आणि प्यायलाही. मग चाकं लावलेल्या लाकडी खोल्या आल्या. बाई आत शिरायची, घोडा खोली पाण्यात ओढून न्यायचा आणि बाई पलीकडच्या दाराने समुद्रात उतरायची, म्हणजे काठावरच्या कोणाला ती दिसायची नाही. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं करण्यापेक्षा घरी आंघोळ केलेली काय वाईट?" त्यावर आजोबा रेल्वेकडे वळले.

मग रेल्वे आली आणि तिच्याबरोबर साधी माणसं आली. स्टेशनात एक लांबच लांब बाक आहे. इतका लांब बाक जगात दुसरा नाही, असं आजोबांना तिथल्या हमालाने सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. कड्यावर एक प्रचंड हॉटेल आहे. त्याला चार मनोरे, ऋतूंचे. बारा मजले, महिन्यांचे. बावन्न धुराडी, आठवड्यांची. आणि खोल्या तीनशे पासष्ट. लीप वर्षी काय करतात, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. गावातल्या एका बागेच्या तळ्यात उन्हाळ्यात आरमारी लढाई होते. जहाजं छोटी असतात आणि प्रत्येकात नगरपालिकेचा एक कर्मचारी लपून बसून ती चालवतो. वास्तविक पहिल्या महायुद्धात जर्मन जहाजांनी त्या गावावर खरोखरच तोफा डागल्या होत्या. पण लोक तळ्यातली लढाई पाहायला तिकीट काढतात.

शेवटी लिफ्ट. खाली समुद्राकाठची बाग आणि वर कड्यावरचा रस्ता यांच्यामध्ये तिरक्या रुळांवर दोन डबे. एक खाली येतो तेव्हा त्याच्या वजनाने दुसरा वर जातो. मुळात वरच्या डब्याच्या टाकीत समुद्राचं पाणी भरून तो जड करत असत. हे सांगताना आजोबा तळहात वरखाली करून दाखवत. मी इंग्रजीची शिक्षिका, यंत्राबद्दल मला आपलेपणा नाही, पण ती लिफ्ट मला झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती.

आता अमेरिका. २००५ साली आम्ही पिस्कॅटवेला तुमच्या आईबाबांकडे होतो. तोवर आजोबांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. तुमच्या बाबांनी तेव्हापासून एकच विषय धरला, की आता परत जायचं नाही, इथेच राहायचं, ते कागदपत्रं करतील. नाशिकच्या घराला कुलूप होतं आणि शेजारच्या काकू दर शनिवारी ते काढून खिडक्या उघडत-लावत होत्या. मला परत जायचं होतं. पिस्कॅटवेत मला काही त्रास नव्हता. पण तिथे मी दुसरीच्या स्वयंपाकघरात डबे शोधत होते, आणि तुमची आई मला डबे सापडावेत म्हणून त्यांवर चिठ्ठ्या लावत होती. दोघींनाही त्याचे कष्ट होत होते.

एका रविवारी नाश्त्याला विषय निघाला.

"बाबा, शर्टाचं बटण लावायला तुम्हाला किती वेळ लागतो बघा," तुमचे बाबा म्हणाले. "तिकडे कोण आहे? बी प्रॅक्टिकल."

"बटण हे काम नाही," आजोबा म्हणाले. "काहीतरी काम सांग."

"काय सांगू?"

आजोबांनी चहा पिऊन घेतला. कप खाली ठेवताना बशीवर वाजला. "गणपती पुढच्या महिन्यात आहेत. यंदाचा देखावा मी करतो. स्कारबरो करतो, लिफ्टसकट. मी सगळं करणार, कोणी हात लावायचा नाही. आरतीला लिफ्टने मोदक वर गेला, तर नोव्हेंबरची तिकिटं काढ. नाही गेला, तर तू सांगशील त्या कागदावर सही करतो."

"आणि आई?"

"ती माझ्याबरोबर आहे."

मला कोणी विचारलं नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं, म्हणून मी टोस्टला लोणी लावत राहिले.

तुम्हाला देखावा म्हणजे काय ते माहीत आहे. गणपतीभोवती काहीतरी मांडायचं. लोक हिमालय करतात, राजवाडा करतात. इंग्लंडमधलं सुट्टीचं गाव केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. तुमच्या आईला मी हलकेच विचारलं, तुला चालेल ना. ती म्हणाली, "आई, मागच्या वर्षी मंडळात स्पेस शटल होतं."

बेसमेंटमध्ये काम सुरू झालं. टीव्ही आणि फर्निचरच्या खोक्यांतून निघणारा थर्माकोल आजोबांनी गल्लीभर सांगून जमवला. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी खाली जाण्यावर सूनबाईने बंदी घातली, म्हणून सकाळीच बसत. कंप येणाऱ्या हाताने पातळ सुरी धरायची, तर ते कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून एक रेघ कापत आणि मग सुरी खाली ठेवत. हॉटेलचे चार मनोरे झाले. धुराडी मात्र ते करवादून मोजत, कारण काड्या कापताना उडत. स्टेशनातला बाक आइस्क्रीमच्या काड्यांचा केला. समुद्र म्हणून माझी निळी रेशमी साडी मागितली. मी सुती दिली.

मांडणीत पहिली अडचण देवाची आली. गणपती किल्ल्याच्या टेकडीवर बसवायचा हे नक्की होतं, ती जागा सगळ्यात उंच. आमच्या घरी मूर्तीचं तोंड पूर्वेला असतं. स्कारबरोचा समुद्रही पूर्वेला. म्हणजे देवाचं तोंड समुद्राकडे, आणि दर्शनाला येणारी प्रत्येक व्यक्ती उत्तर समुद्रात, म्हणजे नॉर्थ सीमध्ये, उभी राहणार.

"राहू देत," आजोबा म्हणाले. "चपला वर काढूनच येतात."

दुसरी अडचण लिफ्टची. खरी लिफ्ट किल्ल्याखाली नाही. ती खाडीच्या दुसऱ्या टोकाला, झऱ्याच्या वरच्या कड्यावर आहे. मी तसं म्हटलं. आजोबा बराच वेळ किल्ल्याकडे आणि कड्याकडे आळीपाळीने बघत बसले. मग म्हणाले, "मोदक तिथे पोचवून काय उपयोग? देव इथे आहे." लिफ्ट किल्ल्याखाली आली. थोरले, तू परवा जिथे ती शोधलीस तिथे ती गणपतीसाठी हलवलेली होती.

तिसरी अडचण तुमच्या बाबांनी काढली. इंटरनेटवर वाचून ते खाली आले. "बाबा, ती लिफ्ट आता विजेवर चालते. तुम्ही गेलात तेव्हाही विजेवरच होती. मग आपण एक छोटी मोटर लावू ना, मी आणतो."

"मुळात पाण्यावर होती."

"पण तुम्ही पाहिली ती..."

"मी पाहिली ती बिघडवलेली होती," आजोबा म्हणाले.

डब्यांना रूळ केले, वर कप्पी बसवून तिच्यावरून दोरा घेतला, मासे पाळायच्या पेटीला लावतात तसली बारीक नळी आणि तोटी आणली. दोन डबे म्हणजे मसाल्याच्या छोट्या डब्या, लाल रंगवलेल्या. वरच्या डबीच्या पोटात पाणी भरायचं. पाणी साधं चालणार नाही, समुद्राचं पाहिजे, म्हणून त्यांनी बादलीत मीठ घातलं. मी म्हटलं, आयोडीनचं मीठ आहे. ते म्हणाले, समुद्रातही आयोडीन असतं. पहिल्या चाचणीत डबी अगदी झोकात खाली आली, खालची वर गेली, भरलेल्या डबीच्या तळाचं भोक उघडलं आणि पाणी ठरल्याप्रमाणे बाहेर पडलं. खाली भांडं ठेवायचं राहिलं होतं. आजोबांनी ते सगळं पाहिलं आणि म्हणाले, "चालते."

अमेरिकेत जाजम जमिनीला ठोकलेलं असतं, उचलून वाळत घालता येत नाही. सूनबाईने पंखा लावला. पाणी वाळलं, मीठ राहिलं.

गणपतीच्या संध्याकाळी घर भरलं. मंडळातली माणसं, शेजारचे, विद्यापीठात शिकणारी पुण्याची आणि औरंगाबादची मुलं. ही मुलं मोदकांच्या बातमीने येतात, हे मला आवडायचं. जो येईल त्याला आजोबा झऱ्यापासून सुरुवात करून गाव दाखवत होते. लोक आधी नमस्कार करत, मग हॉटेलच्या खोल्या किती ते ऐकत. एकाने दुसऱ्याला कुजबुजत विचारलेलं मी ऐकलं, "यार, हे अष्टविनायकांपैकी कुठलं?" दुसरा म्हणाला, "गप. काकांचं गाव आहे."

नागपूरच्या एक काकू आल्या, आमच्याकडे नेहमी येत. मनाने चांगल्या आणि हातात पुष्कळ बांगड्या. समुद्रात उभं राहून त्यांनी देवाला दूर्वा वाहिल्या आणि हात मागे घेतला. बांगडी लिफ्टच्या दोऱ्यात अडकली. दोरा सुटला, वरची डबी रुळावरून घसरली आणि माझ्या निळ्या साडीत जाऊन पडली.

"अगं बाई! काही तुटलं काय?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. "गाठ सुटली."

सगळी मंडळी आरतीला जमली होती. तबक तयार होतं. तुझ्या हातात टाळ होते, थोरले, आणि तू ते आधीपासूनच वाजवत होतीस. तुमच्या बाबांनी डबी उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," आजोबा म्हणाले.

त्यांनी डबी मांडीवर घेतली आणि दोरा तिच्या कडीतून ओवायला घेतला. एकट्याने सकाळी त्यांना हे जमलं होतं. पण कंपाचं असं असतं की माणसं बघायला लागली की तो वाढतो. दोऱ्याचं टोक कडीच्या या बाजूला जाई, त्या बाजूला जाई, आत जात नसे. विद्यार्थ्यांपैकी एकाने खोकला दाबला. मला तेव्हा नाशिकच्या घराच्या खिडक्या आठवत होत्या, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दोरा एकदा आत गेला. मग गाठ मारायची वेळ आली आणि तो परत बाहेर आला. तुमचे बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून कोणालाही वाटलं नसतं की हे त्यांच्या मनासारखं होतंय.

आजोबांनी डबी खाली ठेवली. मान वर न करता म्हणाले, "अगं, जरा इकडे ये. गाठ मार."

मी समुद्रात बसले. दोरा ओवला. "सुरगाठ की निरगाठ?"

"निरगाठ. परत सोडायची नाहीये."

मी निरगाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. त्यांनी डबी वर रुळावर ठेवली. खालच्या डबीवर एक मोदक ठेवला, आणि तोटी उघडली. काही झालं नाही.

"आजोबा, इट्स नॉट मूव्हिंग," तू म्हणालीस.

"पाणी भरतंय. तिथेही थांबावं लागायचं."

"दे हॅड टू वेट फॉर द मोदक?"

"हो," आजोबा म्हणाले.

मग वरची डबी हलली. आधी थोडी, विचार केल्यासारखी, आणि मग एका चालीने खाली आली. खालची वर निघाली. मोदक कलला, पण पडला नाही. हॉटेलच्याही वर चढून तो किल्ल्याच्या तटापाशी, देवाच्या पायांजवळ जाऊन थांबला. खाली या वेळी पातेलं ठेवलेलं होतं.

"बाप्पाला मोदक लिफ्टनं आला की हो!" नागपूरच्या काकू म्हणाल्या. "आमच्या बिल्डिंगीतली तर सहा महिन्यांपासून बंद आहे."

आरती झाली. मोदक वाटले. माणसं वर जेवायला गेली, तेव्हा तुमचे आईबाबा, मी, आजोबा आणि एक विद्यार्थी खाली राहिलो. विद्यार्थ्याला या कराराबद्दल आजोबांनीच सांगितलेलं होतं. तो मोदक खात म्हणाला, "काका, सुपर्ब. पण टेक्निकली तुम्ही हेल्प घेतलीत."

तुमच्या बाबांना तो विषय तिथे नको होता हे दिसत होतं, पण निघाला होता. "बाबा, ठरलं होतं की कोणी हात लावायचा नाही."

"ठरलं होतं."

"आईने लावला."

"लावला."

"मग?"

आजोबा रुमालाने हात पुसत होते. "मग नाशिकला ती नसणार आहे का? मी एकटा जातोय असं तुला कोणी सांगितलं?"

आधी सूनबाई हसली. विद्यार्थी म्हणाला, "यार, हे बरोबर आहे." तुमच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यातलं पाणी सांडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"आई, तुझं काय म्हणणं आहे?"

तो प्रश्न मला त्या वर्षात पहिल्यांदा विचारला गेला. मी म्हटलं, "शेजारशेजारच्या जागा घे. मला खिडकी."

त्याने घेतल्या. रागाने नाही घेतल्या. विमानतळावर त्याने आजोबांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि आजोबांनी लावू दिलं.

गणपतीचं विसर्जन मागच्या अंगणात बादलीत झालं. गाव मोडायची वेळ आली तेव्हा कळलं की थर्माकोल पुनर्वापराच्या डब्यात घेत नाहीत, म्हणून किल्ला आणि कडे काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात गेले. हॉटेल कुठल्याच पिशवीत बसेना. ते त्या विद्यार्थ्याने नेलं आणि त्याच्या अपार्टमेंटमध्ये फ्रिजवर ठेवलं होतं. पुढे तो टेक्सासला गेला. हॉटेल गेलं की नाही, मला माहीत नाही.

नाशिकला आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. बटणं मी लावत असे, स्कारबरो ते सांगत असत. शेवटच्या काळात आवाज अगदी बारीक झाला होता. खोल्या किती, एवढंच विचारलं की नीट सांगायचे.

थोरले, तू पाठवलेले फोटो मी पाहिले. लिफ्ट आहे, हॉटेल आहे, बाकावर तू बसलेली आहेस. म्हणजे त्यांचं गाव बरंचसं जागेवर आहे. धाकट्या, बेसमेंटमध्ये तुझ्या कॉम्प्युटरवर खेळायच्या खुर्चीखाली जाजमावर पांढरट गोल डाग आहे. तो तू सांडलेल्या दुधाचा नाही, हे आईला सांग.

आणि लाल डबी माझ्याकडे आहे, फडताळात चहाच्या डब्याशेजारी. रंग थोडा उडाला आहे. दोरा अजून तिच्या कडीत आहे आणि निरगाठ सुटलेली नाही.